यंत्र आपलं, बदल आपला. मग हात कोणाचा?

(देऊळघाट येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव आणि ज्वारीची खरेदी हे विषय आपल्या बैठकीत नेहमीच असतात. आज भावाचा हिशेब थोडा बाजूला ठेवून यंत्राचा हिशेब मांडायचा आहे. खळ्यावरचे मळणीयंत्र, गोठ्यातली कडबाकुट्टी, विहिरीवरचा स्टार्टर आणि ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा शाफ्ट, या चार वस्तू आता पैनगंगेच्या काठावरच्या लहान लहान गावांतही पोचल्या आहेत. कारखान्यातून त्या जशा येतात तशा आपल्याकडे राहत नाहीत. आपण त्यांत बदल करतो. हा बदल करण्याचा हक्क कोणाचा आणि त्या बदलापायी कोणाचा हात गेला तर जबाबदारी कोणाची, एवढेच आज बोलायचे आहे.

हक्काचे उत्तर सोपे आहे. हक्क शेतकऱ्याचा. सुताराकडून तिफन करून घेताना आपल्या आजोबांनी कोणत्या कंपनीची परवानगी मागितली नव्हती. जमीन भारी की हलकी, पेरायची ज्वारी की आणखी काही, हे पाहून फणांतले अंतर ठरत होते. अवजार विकत घेतले की ते आपल्या मातीला जुळवून घेणे हा शेतीचाच भाग आहे. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी १९९४ साली एनफिल्ड बुलेट मोटारसायकलला मागे अवजार जोडून पेरणी-कोळपणी करून दाखवली. दुष्काळात बैल परवडत नव्हते आणि ट्रॅक्टर आवाक्यात नव्हता. ती 'बुलेट सांती' कोणत्या कारखान्याच्या कागदावर नव्हती. गरजेने शोध लावला, आणि तो शेतकऱ्याने लावला.

हा हक्क आज जगभर वादात आहे. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरमध्ये संगणक बसला. बिघाड कुठे आहे हे कळण्यासाठी लागणारी किल्ली कंपनीच्या आणि विक्रेत्याच्या हातात राहिली. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता येईना म्हणून तिथले शेतकरी भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने याच प्रश्नावर कंपनीविरुद्ध खटला भरला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिने हाती घेतलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे होती. बियाण्याच्या निवडीसाठी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला जी लढाई झाली, तिचाच हा दुसरा फड आहे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागायचे तर ते बियाण्यापुरते मागून भागत नाही.

आता कंपन्यांचे म्हणणे काय ते ऐकू. त्या म्हणतात, आम्ही यंत्र तपासून, प्रमाणित करून विकतो. शेतकऱ्याने ते उघडले, कापले, जोडले की सुरक्षिततेची आमची हमी संपली. या म्हणण्यात कंपनीचा स्वार्थ आहे हे खरे. स्पेअर पार्ट आणि दुरुस्ती यांवर पकड ठेवायला सुरक्षिततेचे निमित्त बरे पडते. तरीही बोलणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून बोलणे खोटेच असते असे नाही. तेव्हा प्रमाणपत्र म्हणजे काय ते नीट पाहू.

यंत्रावर मानकाचा शिक्का असतो तो लोखंडावर नसतो, मांडणीवर असतो. एवढी लांब परनाळ, एवढे झाकण, एवढे फेरे, असा दिवा, अशी कळ. या मांडणीत यंत्र चालवले तर माणूस सुरक्षित राहील, एवढेच तो शिक्का सांगतो. आपण परनाळ कापली तरी पाटीवरचा शिक्का जागच्या जागी राहतो. पण त्या शिक्क्याने ज्याची ग्वाही दिली ते यंत्र आता खळ्यावर नसते. कामावर येणारा गडी पाटी बघतो, कापलेला पत्रा त्याला कळत नाही.

मळणीयंत्राचेच घ्या. या यंत्रांनी देशभर इतके हात तोडले की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्याने धोकादायक यंत्र म्हणून पहिले नाव घेतले ते मळणीयंत्राचे, आणि मजुराच्या भरपाईची गोष्ट त्याच्या उद्देशातच लिहिली. मळणीयंत्राच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकात घास द्यायच्या परनाळीची लांबी किमान ९० सेंटिमीटर सांगितली आहे, म्हणजे सुमारे तीन फूट. त्यातला किमान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. धडधाकट माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत अडीच फुटांच्या आसपास भरतो. परनाळ हातापेक्षा लांब असली आणि तोंडाजवळ झाकलेली असली, तर माणूस कितीही वाकला तरी बोटे ड्रमच्या दातांपर्यंत जात नाहीत. तीन फूट पत्र्याचे सगळे शास्त्र एवढेच आहे.

मग ती परनाळ आपण कापतो का? शेतकरी बेफिकीर आहे म्हणून नाही. यंत्र भाड्याचे असते, तासावर किंवा पोत्यावर पैसे ठरलेले असतात. आभाळ भरून आलेले असते. ज्वारीची कणसे लांब परनाळीत अडकतात, पुन्हा पुन्हा ढकलावी लागतात. परनाळ कापली की घास पटकन जातो आणि दिवसात चार पोती जास्त निघतात. हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात एक रकाना सुटला आहे. जास्तीची चार पोती यंत्रवाल्याची आणि मालकाची, आणि ड्रमच्या तोंडाशी असलेला हात मजुराचा. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची. हाच अन्याय शेतीमालाच्या भावात आपल्यावर होतो म्हणून आपण रस्त्यावर आलो. तोच अन्याय आपल्या खळ्यावर आपल्या हाताने होऊ देणे आपल्याला शोभत नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे तसेच. पीटीओचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक किंवा गळ्यातला रुमाल त्याला लागला तर 'बंद कर' म्हणून ओरडायला वेळ मिळत नाही. त्या शाफ्टवर कारखाना प्लॅस्टिकची नळी घालून देतो. जॉइंटला ग्रीस भरताना ती आड येते, म्हणून एक दिवस काढली जाते आणि पुन्हा बसत नाही. इथे दोष दोघांचा. काढणाऱ्याचा आहेच, पण न काढता ग्रीस भरता येईल अशी नळी न देणाऱ्याचाही आहे.

विहिरीवरच्या स्टार्टरची गोष्ट जरा वेगळी आहे. तीन फेजवर चालणाऱ्या मोटारीचा एक फेज गेला की उरलेल्या दोन तारांतून जवळजवळ पावणेदोन पट करंट वाहतो आणि वाइंडिंग जळते. म्हणून स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो. फेज गेला की तो मोटार बंद करतो. पण जिथे फेज तासातासाला जातो, तिथे तो तासातासाला मोटार पाडतो. रात्रीची लाइट, पिकाला पाण्याचा ताण, अंधारात वावरातून विहिरीपर्यंतची पायपीट, सापाची भीती. मग वायरमन म्हणतो, 'डायरेक्ट करून देतो.' प्रिव्हेंटर सुटतो, फ्यूजमध्ये जाड तार जाते आणि वर ऑटोस्विच बसतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू.

लाइट आली की एकाच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीला तो भार सोसत नाही आणि डीपी जळाली की ऑटोस्विच न लावणाऱ्याचेही पीक वाळते. महावितरण ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा म्हणून वारंवार सांगते, त्यामागे हे कारण आहे. त्याहून वाईट म्हणजे कोणी लाइट नाही असे समजून पंपाच्या कपलिंगला हात लावून बसलेला असतो, आणि त्याच वेळी मोटार फिरते. पहारेकऱ्याला हाकलून दिल्यावर चोर आला तर आश्चर्य कसले?

इथे सरकारलाही सुनावले पाहिजे. तिन्ही फेज सरळ आणि दिवसा मिळाले, तर कोणता शेतकरी हौसेने पैसे घालून ऑटोस्विच लावील? रात्रीच्या लाइटचे मूळ न काढता नुसते 'स्विच काढा' म्हणणे हे रोग ठेवून पथ्य सांगण्यासारखे आहे. दिवसा वीज ही आपली मागणी पाणी भरण्यापुरती नाही, जीव वाचवण्याचीही आहे.

मग बदल करायचा की नाही? करायचा. पण कोणता, हे ओळखायला शिकायचे. आपण पिकाला रात्री जागल करतो. जागल्या नांगरत नाही, पेरत नाही, कापूस वेचत नाही. वरवर पाहता तो नुसता बसलेला दिसतो. म्हणून त्याला कोणी रिकामा म्हणत नाही. यंत्रातही काही भाग काम करतात आणि काही भाग जागल करतात. चाळणी, पट्टा, पुली, फण हे काम करणारे. परनाळीचे झाकण, शाफ्टची नळी, कडबाकुट्टीच्या पात्यावरचे आवरण आणि उलट फिरवायचा दांडा, स्टार्टरचा प्रिव्हेंटर आणि फ्यूज हे जागल करणारे. काम करणारा भाग बदलायचा असेल तर बदला, मात्र पुली बदलून फेरे वाढवण्याआधी जाणत्याला विचारा, कारण ड्रम आणि पाती ठरल्या वेगासाठी बांधलेली असतात. जागल करणारा भाग काढायचा नाही. त्याची अडचण होत असेल तर तेच काम करणारा दुसरा भाग आधी बसवायचा, मगच पहिला काढायचा.

स्पॅनर हातात घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा भाग काम करतो की जागल करतो? बदलानंतर धोका कोणाच्या अंगावर जाईल, माझ्या की मजुराच्या, शेजाऱ्याच्या, लेकराच्या? आणि उद्या नवा माणूस या यंत्रावर उभा राहिला तर त्याला हा बदल दिसेल का, कोणी सांगेल का? तिन्ही उत्तरे चारचौघांत सांगता आली तर बदल जरूर करा.

हातपाय गेल्यावर काय मिळते तेही पाहून ठेवा. राज्य सरकारने २०२३ मध्ये गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू केली. तिच्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास एक लाख रुपये ठरवले. हे अनुदान खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो मजूर या चौकटीच्या बाहेर राहिला, आणि परनाळीपुढे बहुधा तोच उभा असतो. कापूस दाबण्याच्या कारखान्यात मध्ये भिंत घातल्याशिवाय ओपनर यंत्राजवळ बायकांना आणि मुलांना कामाला लावायला १९४८ च्या कारखाना कायद्याने मनाई केली होती. त्या कायद्याने यंत्र थांबवले नाही, भिंत मागितली. कारखान्यात निरीक्षक जात होता. आपल्या खळ्यावर निरीक्षक आपणच.

म्हणून आपल्या मागण्या दोन्ही बाजूंच्या आहेत. कंपन्यांनी यंत्राचा नकाशा, वायरिंगचा तक्ता आणि दुरुस्तीची माहिती मराठीत द्यावी, सुटे भाग खुल्या बाजारात द्यावेत. एक भाग बदलला म्हणून त्याच्याशी संबंध नसलेल्या भागाची वॉरंटी नाकारू नये. यंत्राची चाचणी ज्वारीच्या कणसांवर आणि आपल्या वेगाने करावी, म्हणजे परनाळ कापायची पाळीच येणार नाही. सरकारने अपघाताच्या मदतीत शेतमजुराला घ्यावे आणि दिवसा तीन फेज वीज द्यावी. आणि आपण आपल्यावर एक अट घालून घ्यावी. या हंगामात गावात मळणीयंत्र आले की पहिली पेंढी टाकण्याआधी पट्टीने परनाळ मोजायची. तीन फूट भरली नाही, वर झाकण नसले, तर यंत्रवाल्याला वेल्डिंगच्या दुकानाची वाट दाखवायची. सगळ्या गावाने एकदम सांगितले तर तो ऐकतो, एकट्याने सांगितले तर दुसऱ्या वावरात जातो.

घामाला दाम मागणारे आपण. घाम ज्या हातातून गळतो तो हात शाबूत ठेवणे ही त्याच मागणीची पहिली ओळ आहे. पट्टी घेऊन खळ्यावर चला.