इसार देण्याआधी



बैलबाजारात आपण कसे वागतो ते आठवा. बैल नजरेत भरला, तरी लगेच पैसे काढत नाही. जबडा उघडून दात बघतो. शेपटी पिळून बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. कुणी गाडीला जुंपूनही बघतो. बैलाचा धनी रागावत नाही. न बघता पैसे मोजणारा कुणी निघालाच, तर सगळा बाजार त्याला हसतो.

आता हाच माणूस तालुक्याच्या गावी घर घ्यायला जातो. पोरांची शाळा-कॉलेजं तिथं आहेत, दवाखाना तिथं आहे. घराची किंमत बैलाच्या कितीतरी पट. त्यासाठी रान विकलेले असते, नाहीतर बँकेचे कर्ज काढलेले असते. आणि हा काय करतो? दाराशी चपला काढतो, पुढच्या खोलीत बसतो, चहा पितो. भिंतीचा रंग बघतो, चकचकीत फरशी बघतो. "घर झकास आहे," म्हणतो आणि इसार देऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परत येतो. भिंतीला हात लावून बघावे, तर घरधन्याला काय वाटेल, अशी त्याला भीड वाटते.

ही भीड फार महाग पडते. आज आम्ही तिच्याविषयीच बोलणार आहोत.

तालुक्याच्या गावी हल्ली रांगेतली घरे पुष्कळ झाली आहेत. एकाला एक लागून सहा-आठ घरे, आणि दोन घरांमध्ये भिंत एकच. त्यांना 'रो हाऊस' म्हणतात. नाव नवे, पण गोष्ट जुनीच. आपल्या गावठाणातही पाठीला पाठ लावून घरे आहेत, आणि सामाईक भिंतीवरून झालेली भांडणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. अशी घरे स्वस्त पडतात, शेजारही मिळतो. घेऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. पण अशा घरात आपल्या चार खोल्या पाहून भागत नाही. शेजारणीच्या मोरीचे पाणी आपल्या भिंतीत उतरते. म्हणून दोन्ही बाजूंची घरेही पाहावी लागतात.

कुणी म्हणेल, "घरात काही खोट असेल तर विकणाऱ्यानं सांगायला नको का? कायदा नाही का?" कायदा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे आणि तो आजही चालू आहे. त्याच्या ५५व्या कलमात काय आहे ते नीट ऐका. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर घरातला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. पण कोणता दोष? जो त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने साधी काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, असा. म्हणजे भिंतीची भेग उघड्या डोळ्यांना दिसत होती आणि तुम्ही पाहिली नाही, तर कोर्टात तुम्हालाच विचारतील, "तुम्ही बघितलं का नाही?" तेव्हा पाहणे हे आपलेच काम आहे.

आता काय पाहायचे?

पहिली पाहायची ती जमीन. यातले ज्ञान आपल्याला शहरातल्या माणसापेक्षा जास्त आहे. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. पाऊस झाला की तेच रान फुगते आणि भेगा मिटतात. घराचा पाया या काळ्या मातीतच ठेवला असेल, खाली मुरमापर्यंत नेला नसेल, तर घरसुद्धा दर वर्षी थोडे वर उचलते आणि थोडे खाली बसते. मग भिंतींना भेगा पडतात. लिंपल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी पुन्हा उघडतात. पाया किती खोल नेला, मुरूम लागला होता का, हे विचारा. आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, "इथं आधी काय होतं?" विहीर, ओढा किंवा दगडाची खाण बुजवून त्यावर घर बांधले असेल, तर ते त्यांच्याच तोंडून कळते, दलाल सांगायचा नाही. नदीकाठचे गाव असेल तर पाणी कुठवर आले होते तेही विचारा. सांगली-कोल्हापूरकडे ऑगस्ट २०१९ मध्ये मोठा पूर आला. तिकडची माणसे भिंतीवर हात ठेवून सांगतात, "पाणी इथवर आलं होतं."

मग भिंती. गिलाव्यावर केसासारख्या बारीक रेघा असतात. गिलावा वाळताना त्या पडतात. त्यांना भिऊ नका. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग असेल, तिच्यात रुपयाच्या नाण्याची कड शिरत असेल, तर थांबा. भेगेची एक बाजू पुढे आणि एक मागे आली असेल, तर ती आणखी वाईट. तीच भेग बाहेरच्या अंगाने दिसते का ते पाहा. भिंतीच्या दोन्ही अंगांना ती दिसली, तर दुखणे नुसत्या गिलाव्याचे नाही, भिंतीचे आहे.

घराला ताजा रंग दिलेला दिसला, तर आनंद मानण्याआधी थोडा संशय धरा. सण नाही, लग्न नाही, मग रंग कशाला दिला? ओल झाकायला रंग फार सोयीचा असतो. कपाट थोडे पुढे ओढायला सांगा. भिंतीवरचे कॅलेंडर उचलून मागे पाहा. जोत्याजवळ गिलावा फुगून पांढरी खारी भुकटी पडत असेल, तर जमिनीतली ओल भिंतीत चढते आहे. वरच्या कोपऱ्यात तपकिरी डाग असेल, तर छत गळते आहे. डोळ्यांना काही दिसले नाही तरी नाकाला कळते. बंद खोलीचे दार उघडताच कुबट वास येतो.

छताकडे मान वर करून पाहा. स्लॅबच्या आत लोखंडी सळया असतात. त्यांना पाणी लागले की त्या गंजतात. गंजलेले लोखंड फुगते आणि खालचा सिमेंटचा थर ढकलून पाडते. कुठे पापुद्रा पडला असेल, सळई उघडी दिसत असेल, तर ते नुसत्या सिमेंटच्या बोळ्याने बरे होणारे नाही. मग गच्चीवर जा. दोन बादल्या पाणी ओता आणि तासाभराने पुन्हा वर जाऊन पाहा. पाणी वाहून गेले असेल तर उतार ठीक आहे. डबके साचले असेल तर पावसाळ्यात तिथूनच गळणार. खरे तर घर पाहावे भर पावसात. विकणारे मात्र बहुधा उन्हाळ्यात बोलावतात!

लाकडाची चौकट बोटाने वाजवा. पोकळ वाजली, किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, की वाळवी आहे असे समजा.

रांगेतल्या घराची खरी मेख असते मागच्या बाजूला. सगळ्या घरांच्या मोरीचे आणि संडासाचे पाणी बहुतेक वेळा एकाच नळीतून जाते. चेंबरचे झाकण उघडायला लावा. घाण वाटून घेऊ नका. पुढे वीस वर्षे तिथे राहायचे आहे. मोरीत बादलीभर पाणी ओता आणि ते चेंबरमध्ये झटकन येते का ते पाहा. रांगेतले सगळ्यांत खालच्या अंगाचे घर असेल तर जास्तच जपा. पुढे नळी तुंबली की वरच्या सगळ्या घरांचे पाणी त्याच्याच अंगणात उसळते. संडासाची टाकी कुणाची, ती उपसायचा खर्च कोण करतो, बोअर एकट्याचे की सगळ्यांचे, हे शेजाऱ्यांना विचारा. नळाला पाणी कधी येते ते विचारून त्या वेळेला पुन्हा एक खेप घाला.

सामाईक भिंतीबद्दल आणखी एक गोष्ट. शेजाऱ्याने वर मजला चढवला असेल, तर त्याचे ओझे त्या भिंतीवर आले आहे. पाया एका मजल्याचाच असेल तर? विकणारा आपल्यालाही सांगतो, "तुम्हीसुद्धा वर दोन खोल्या काढा की!" तोंडच्या शब्दावर जाऊ नका. मंजूर नकाशा मागा आणि तो इंजिनियरला दाखवा.

काही मंडळी म्हणतात, "नवं सिमेंटचं नको, जुना दगडी वाडा घेऊ. भिंती कशा हातभर जाड आहेत!" जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडे भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ती आपल्याच घरांच्या जाड भिंती आणि जड माळवद यांच्याखाली सापडली. तिथल्या पुष्कळ भिंती दोन पदरी होत्या. आत-बाहेर चांगले दगड, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नव्हते. धक्का बसताच पदर सुटले. म्हणून जुन्या घराची भिंत मध्येच पोट काढून फुगलेली दिसली तर ते दोन पदर सुटू लागल्याचे चिन्ह असू शकते. माळवदावर मातीचे किती थर चढले आहेत आणि खालच्या तुळया वाकल्या आहेत का, तेही पाहा.

म्हणून नवे ते सगळे मजबूत, असेही समजू नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यात महाड येथे पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली. ती इमारत काही आज्या-पणज्याच्या काळातली नव्हती. बांधून दहा वर्षांच्या आसपासच झाली होती.

नवे घर बांधणाऱ्याकडून घेत असाल, तर २०१६ सालचा कायदा कामाला येतो. लोक त्याला 'रेरा' म्हणतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बांधणाऱ्याने तीस दिवसांत पदरच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून ताब्याचा कागद जपून ठेवा आणि तक्रार लेखी करा. शिवाय नोंदणी केलेला करार झाल्याशिवाय किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त पैसे त्याला घेता येत नाहीत. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंतच असेल, किंवा घरे आठच्या आत असतील, तर 'रेरा'कडे नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडच्या छोट्या रांगा कितीदा यातच बसतात. नोंदणी क्रमांक आहे का, हे आधीच विचारावे. क्रमांक दिला, तर शिकणाऱ्या मुलाला मोबाइलवर महारेराच्या यादीत तो पाहायला सांगावा.

हे सगळे पाहायला एकट्याने जाऊ नका. ओळखीचा गवंडी सोबत न्या. विजेचे काम समजणारा वायरमन न्या. मुख्य बटण, अर्थिंग आणि उघड्या तारा तो पाहील. भेगा दिसल्या, वर मजला असला किंवा घर जुने असले, तर इंजिनियरची फी द्या. घराच्या किमतीपुढे ती काहीच नाही. मात्र ही माणसे आपली हवीत. "माझा एक मिस्त्री आहे, तो बघून देईल," असे दलाल म्हणाला तर हसून नको म्हणा. त्याच्या मिस्त्रीला आपली भिंत कशाला वाकडी दिसेल?

आणि घरातल्या बाईला न्या. याचा आमचा आग्रह आहे. पुरुष ओट्यावर बसून भाव ठरवतो. दिवसभर त्या घरात वावरायचे असते तिला. चुलीचा धूर, म्हणजे आता फोडणीचा धूर, कुठून बाहेर जाईल, धुणे कुठे वाळेल, रात्री संडासला जायला पायरी निसरडी आहे का, हे तिच्या ध्यानात येते. वर्गातल्या बायांनो, तुम्ही मागे उभ्या राहू नका. भिंतीला हात लावा.

दोष निघाला म्हणजे घर सोडलेच पाहिजे, असे नाही. तुटका नळ, किडलेले दार, उडालेला रंग यांचा खर्च काढावा आणि तेवढा भाव उतरवून मागावा. पाया खचलेला असेल, सामाईक भिंत कलली असेल किंवा सळया गंजून छत सुटले असेल, तर मात्र स्वस्त मिळते म्हणून मोहात पडू नये. त्या दुरुस्तीला दुसऱ्या घराएवढा पैसा लागतो, आणि शेजारी राजी नसेल तर सामाईक भिंतीचे काम पुढे सरकत नाही.

कागदांचे प्रकरण मोठे आहे. त्यासाठी वकील गाठावा. घर मिळकत पत्रिकेवर कुणाच्या नावावर आहे, बँकेचा बोजा आहे का, बहिणींचा हिस्सा राहिला आहे का, घरपट्टी आणि वीजबिल थकले आहे का, एवढे त्याला जरूर विचारा.

घर पाहून झाल्यावरच इसाराची गोष्ट काढावी. विकणारा घाई करील. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय," असे म्हणेल. येऊ द्या. फारच अडले तर थोडी रक्कम द्या, पण इसार पावतीवर लिहून घ्या की अमुक दिवसांत तपासणी होईल आणि मोठा दोष निघाला तर रक्कम परत मिळेल. ती ओळ स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याने वाचून दाखवली म्हणून अंगठा द्यायचे दिवस गेले.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा घर पाहून या. त्या वेळी सामान हललेले असते, कपाटामागच्या भिंती उघड्या पडलेल्या असतात. पंखे, नळ, पाण्याची टाकी, मोटर, जे जे ठरले होते ते जागेवर आहे का, याची यादी हातात धरून एकेक वस्तू पाहा. विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्या आणि त्याखाली विकणाऱ्याची सही घ्या.