पिशवी काढल्यानंतर उरलेले दुखणे
(महिला मंडळापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळास आठी पडली असेल. विहारात धम्मावर बोलावे, हक्कांवर बोलावे. स्त्रीच्या गर्भाशयावर आणि गळ्यातील ग्रंथीवर बोलावे काय, असा प्रश्न मला आधीच विचारला गेला आहे. त्याचे उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, त्या भिक्षूस धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर निजविले आणि मग संघास बोलावून जाब विचारला. ज्या शास्त्याने ते शरीर हाताळण्यात कमीपणा मानला नाही, त्याच्या विहारात शरीराचा विषय वर्ज्य कसा असेल? आणि विटाळ ज्या धर्माने शिकविला, तो धर्म आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास टाकून आलो आहोत. तो विटाळ अद्याप आपल्या जिभेवर राहिला असेल, तर तेवढे धर्मांतर अजून व्हावयाचे आहे.

त्याच महावग्गात रोग्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. शुश्रूषा करण्यास सोपा रोगी कोणता? जो आपले दुखणे आहे तसे सांगतो. वाढले तर वाढले म्हणतो, उतरले तर उतरले म्हणतो, तो. आमच्या भगिनी या कसोटीस उतरत नाहीत. परिचारिकेच्या कामात मी हे पुष्कळ पाहिले. घरधनी बाजूस उभा असला म्हणजे बाई म्हणते, "बरे आहे." तो बाहेर गेला म्हणजे खरी हकिकत निघते.

आता विषयाकडे वळते. आपल्या वस्तीत अशी बाई तुम्हांस सहज आढळेल. वय पस्तीस-चाळीस. अंगावरून फार जात होते म्हणून तिची पिशवी काढली. टाके भरले, दोन-तीन महिने गेले, घरच्यांनी समजूत करून घेतली की आता ही मोकळी झाली. पण वर्ष-दोन वर्षे लोटली तरी बाईस सकाळी उठवत नाही. अंग जड. वजन वाढते, केस मूठ मूठ गळतात, कातडी कोरडी, शौचास साफ होत नाही, दुसऱ्यांस उकडते तेव्हा हिला गारठा वाटतो. लहानसहान गोष्टी विसरते, विनाकारण डोळ्यांस पाणी येते. सासू म्हणते, आळस शिरला. शेजारीण म्हणते, पिशवी काढली की असेच व्हायचे. डॉक्टर एक सलाईन लावतो, ताकदीची बाटली लिहून देतो आणि पैसे घेतो. वस्तुतः या बाईच्या दुखण्यास नाव असू शकते. ते शोधण्याचे कष्ट कोणी घेतलेले नसतात, एवढेच.

पहिली गोष्ट, पिशवी काढली म्हणजे नेमके काय काढले, हे तिला ठाऊक असावे लागते. गर्भाशय निराळे आणि त्याच्या दोहो बाजूंचे बीजांडकोश निराळे. गर्भाशय गेले की पाळी थांबते, मूल होत नाही. पण बीजांडकोश राहिले असतील तर त्यांचा रस रक्तात येत राहतो. दोन्ही बीजांडकोशही काढले, तर जी अवस्था स्त्रीला निसर्गतः पन्नाशीच्या आसपास हळूहळू यावयाची, ती एका दिवसात येते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ भिजते, झोप उडते, योनिमार्ग कोरडा पडतो, पुढे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. बीजांडकोश ठेवले तरी काही स्त्रियांत ते काही वर्षे अगोदरच मंदावतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर बीजांडकोश ठेवले की काढले, हे पाहिल्यावाचून पुढचा उपचार अंधारातच होतो. कित्येक भगिनींपाशी तो कागदच नसतो.

दुसरी गोष्ट थायरॉईडची. ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागी, श्वासनलिकेवर, फुलपाखराच्या आकाराची बसलेली असते. शरीराची चूल किती वेगाने पेटावी, हे तिचा रस ठरवितो. तो कमी पडला की चूल मंदावते. वर सांगितलेली लक्षणे बहुतेक त्याचीच आहेत. तो जास्त झाला तर उलट घडते: छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, वजन उतरते. हा घाम आणि बीजांडकोश गेल्यानंतरच्या वाफा यांत बाईला स्वतःला फरक करता येत नाही. चांगल्या डॉक्टरासही रक्त तपासावे लागते. ग्रंथी मंदावली म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हाकारण्यासाठी अधिक टी.एस.एच. सोडते. म्हणून टी.एस.एच.चा आकडा चढला की थायरॉईड कमी पडत आहे असे समजावयाचे. पुष्कळ लोक हा आकडा उलटा वाचतात आणि "थायरॉईड वाढले" म्हणून सांगत फिरतात. आकडा थोडाच चढलेला असेल आणि मूळ रस पुरेसा असेल, तर प्रत्येक वेळी गोळी लागतेच असेही नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासून पाहतात.

येथे एक गैरसमज काढून टाकते. गर्भाशय काढल्याने थायरॉईड बिघडते, असे कार्यकारण धरून चालू नये. हा विकार मुळातच स्त्रियांत अधिक. आपल्या देशातील आठ शहरांतील प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरात जवळजवळ अकरांची ग्रंथी मंद आढळली. पूर्वी याचे मोठे कारण आयोडीनची उणीव हे होते. त्यासाठी १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि मीठ आयोडीनयुक्त झाले. ज्या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या ग्रंथीवर उलटते आणि ज्याचे वर्णन जपानचे डॉक्टर हाशिमोटो यांनी १९१२ साली केले, तो आता मोठे कारण होऊन बसला आहे. तो चाळिशीच्या सुमारास पुष्कळ जणींना गाठतो. पिशवी काढण्याचे वयही तेच. दोन गोष्टी एका वेळी येतात आणि दुसरीचे खापर पहिलीवर फुटते.

पण याच्या उलट दिशेने पाहिले म्हणजे मनास चटका बसतो. थायरॉईड मंद असली की पाळीत रक्तस्राव फार होतो, पाळी अनियमित होते. हे कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आढळेल. म्हणजे ज्या बाईचे अंगावरून फार जात होते म्हणून पिशवी काढली, तिचे मूळ दुखणे गळ्यात असण्याचा संभव होता. रक्ताची एक तपासणी आणि रोज एक लहानशी गोळी यांनी कदाचित तिचे काम भागले असते. तपासणी झाली नाही. पिशवी गेली; रोग जागच्या जागी राहिला आणि आता तो थकव्याच्या रूपाने बोलत आहे. गर्भाशय काढणे केव्हाच योग्य नसते, असे मी म्हणत नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, तेव्हा ती शस्त्रक्रिया प्राण वाचविते. माझी तक्रार तपासणीपूर्वी सुरी उचलणाऱ्यांविषयी आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकिकत आपण जाणता. त्या कामगारांत आपल्या समाजाचीही पुष्कळ कुटुंबे आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि एक दिवस जरी खाडा झाला तरी दंड भरावयाचा. अशा कामात पाळी ही मजुरीची शत्रू ठरते. फडात न पाणी, न आडोसा. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली की "कॅन्सर होईल" एवढा शब्द पुरतो. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. शंभरात सुमारे सतरा. त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ मध्ये, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत सबंध देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनांहून थोडे अधिक होते. या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही रोगाने भरून निघत नाही. ते दारिद्र्याने, भीतीने आणि लोभाने भरले आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीच्या काळात कामगार स्त्रीस विश्रांती व वेतन मिळावे, या विधेयकाची बाजू मांडली होती. स्त्रीचे शरीर हा तिच्या घरचा खाजगी प्रश्न नसून तो कायद्याचाही विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. त्यांच्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातून आज आरोग्याचा हक्क निघतो. त्याच्याच आधारे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रकरणात निकाल दिला आणि केंद्राने ठरविलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असे फर्माविले. त्यापूर्वी २००८ साली याच न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला होता. एका स्त्रीने केवळ दुर्बिणीच्या तपासणीस संमती दिली असता, ती बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की ती संमती नव्हेच; प्रौढ, शहाण्या स्त्रीची संमती तिची स्वतःचीच पाहिजे. नवऱ्याच्या अंगठ्यावर आजही किती पिशव्या निघतात, हे मनाशी आठवून पाहा.

कागदाविषयीही नियम आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ सालच्या नियमावलीप्रमाणे डॉक्टराने आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे ठेवावी लागतात, आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. तेव्हा मागा. लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. काढलेले गर्भाशय तपासणीस पाठविले असेल तर त्याचाही अहवाल मागा. डॉक्टर रागावतील म्हणून भिऊ नका. राग हा काही कायद्यातील अपवाद नाही.

आता ज्या बाईचे दुखणे उरले आहे, तिने काय करावे? ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे आणि सर्व लक्षणे सांगावीत, ती केव्हा सुरू झाली हेही सांगावे. टी.एस.एच. आणि मुक्त टी-फोर यांची तपासणी करण्यास विचारावे. हिमोग्लोबिनही पाहावे, कारण वर्षानुवर्षे अंगावरून गेलेले रक्त शस्त्रक्रियेने परत येत नाही. थकव्याचे कारण पंडुरोग असणे अगदी साधे आहे. ब-बारा जीवनसत्त्वाची उणीवही पाहावी. खोकताना लघवी सुटणे, खाली ओढ लागणे, टाक्याच्या जागी किंवा ओटीपोटात सारखे दुखणे, ही वेगळी दुखणी आहेत. ती स्त्रीरोगतज्ज्ञास दाखवावीत, लाजू नये.

थायरॉईड मंद निघाली तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी मिळते. ती अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि महाग नाही. पण ती घेण्याची रीत चुकली तर गोळी पोटात जाऊनही उपयोगी पडत नाही. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा, भाकरी त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतल्यास उत्तम. लोहाच्या लाल गोळ्या किंवा कॅल्शियम चालू असेल, तर त्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर राखावे. आमच्या भगिनी सर्व गोळ्या एकदम तळहातावर घेऊन गिळतात, आणि सहा महिन्यांनी "गुण नाही" म्हणतात. गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून मात्रा ठरवितात. बीजांडकोश काढलेल्या स्त्रीस इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या असतील, तर थायरॉईडची मात्रा वाढवावी लागू शकते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधाची माहिती बाईनेच द्यावी. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. शेजारणीची गोळी घेऊ नये, आणि वजन उतरावे म्हणून तर मुळीच घेऊ नये. जादा मात्रेने हृदय बिघडते व हाडे झिजतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सांगताना मला संकोच होतो. दीक्षा घेतलेल्या घरांतूनही, बाई खचली, रडू लागली, रात्री उठून बसू लागली की कोणी हळूच म्हणते, बाहेरचे आहे, देवीचे काही राहिले असेल. मग नवस, अंगारा, भगताच्या पायऱ्या. बावीस प्रतिज्ञा घेताना देवदेवता सोडल्या, त्या आजारपणाच्या मागील दाराने पुन्हा घरात येतात. त्या बाईला मी दोष देत नाही. तिचे ऐकून घेणारा पहिला माणूस भगतच भेटला असेल, तर ती त्याच्याकडे जाणारच. म्हणून मंडळाच्या भगिनींना माझी सूचना आहे की, येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर पुरुषमंडळींनी बाहेर थांबावे आणि ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांनी बसावे. प्रत्येकीजवळ कोणता कागद आहे, बीजांडकोश आहेत की नाहीत, टी.एस.एच. कधी पाहिला, हे एका वहीत लिहून घ्यावे. लिहिता येणाऱ्या दोन मुली बरोबर घ्याव्यात. मग ज्यांची तपासणी झालेली नाही त्यांनी एकाच दिवशी मिळून जिल्हा रुग्णालयात जावे. एकट्या बाईस "उद्या या" म्हणून सांगणारे खिडकीवरचे लोक दहाजणींस तसे सहसा सांगत नाहीत.

जय भीम.