परदेशातली पदवी आणि पासाची मुदत

(१९९३ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, बारामती, डिसेंबर २०२५. दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



सकाळी सरांनी जुन्या क्रमाने हजेरी घेतली आणि आपण सगळे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे लोक बाकावर ताठ बसून ‘हजर’ म्हणालो. फार बरे वाटले. पण जेवणाच्या पंगतीत विषय निघाला तो मुलांचा. कुणाच्या मुलीला टेक्सासला प्रवेश मिळालाय, कुणाचा मुलगा कॅनडाचे फॉर्म भरतोय, कुणी आयर्लंडची चौकशी करतंय. संयोजकांनी मला बोलायला सांगितले, कारण ‘तू जाऊन आलायस’. खरे म्हणजे मला परत यावे लागले होते. त्यामुळे प्रवेश कसा मिळवायचा हे मी सांगणार नाही, ते सांगणारे बारामतीत आता गल्लोगल्ली आहेत. मी बोलणार आहे पदवी हातात पडल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

आधी माझी गोष्ट, थोडक्यात. ऑगस्ट २००० मध्ये मी एमएस करायला अमेरिकेला गेलो. बँकेचे कर्ज होते आठ लाख. बँकेला शेतजमीन तारण नको होती, शहरातली जागा हवी होती. वडिलांकडे ती नव्हती. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, बारामतीतल्या आपल्या प्लॉटचे कागद काढून दिले. त्या प्लॉटवर त्यांना घर बांधायचे होते. मे २००२ मध्ये मी पदवीधर झालो, तेव्हा संगणक कंपन्यांची मंदी जोरात होती. काम करायची परवानगी बारा महिन्यांची होती. त्यातले दहा महिने अर्ज करण्यात गेले आणि दोन महिने आवराआवरीत. २००३ च्या जूनमध्ये मी परत आलो. त्या वर्षी इकडे दुष्काळ होता आणि उसावर लोकरी मावा पडला होता. वडील एवढेच म्हणाले, ‘आलास ते बरं झालं.’ पुण्यात नोकरी धरली आणि २०१० पर्यंत हप्ते भरले. तोवर तात्यांचे घर थांबले. त्यांनी एका शब्दाने विचारले नाही, आणि तेच मला सगळ्यात जड गेले.

माझी अक्कल कमी पडली ती एकाच ठिकाणी. फी किती, राहण्याचा खर्च किती, विमानाचे तिकीट किती, हे सगळे आम्ही वहीत लिहिले होते. पदवीनंतर तो देश मला किती महिने काम करू देईल, हा आकडा त्या वहीत नव्हता.

इंदापूर, भिगवण, वालचंदनगरकडून येणाऱ्यांना एसटीचा पास आठवत असेल. फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, मग डेपोच्या खिडकीवर रांग, आणि पासावर मार्ग व मुदत लिहिलेली. मुदत संपली की ओळखीचा कंडक्टरसुद्धा खाली उतरवायचा. अमेरिकेतली ओपीटी नावाची परवानगी तशीच असते. कॉलेजातले परदेशी विद्यार्थ्यांचे कार्यालय शिफारस करते, मग सरकारी खात्याकडे अर्ज. हा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि कॉलेजच्या शिफारशीपासून ३० दिवसांच्या आत तो पोचावा लागतो. खिडकी बंद झाली की झाली. काम आपल्या विषयातलेच हवे, हा झाला मार्ग. मुदत १२ महिने. आणि त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. माझ्या वेळी हा ९० दिवसांचा नियम नव्हता, म्हणून मी वर्षभर तग धरला. आजच्या मुलाला तेवढाही श्वास नाही.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या गटात अभ्यासक्रम बसत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण तीन वर्षे. तो गट अभ्यासक्रमाच्या नावावरून ठरत नाही, कॉलेजने त्याला दिलेल्या सरकारी कोडवरून ठरतो. दोन कॉलेजांत एकाच नावाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असतो, एका ठिकाणी तीन वर्षे मिळतात, दुसऱ्या ठिकाणी एकच. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला पत्र लिहून तो कोड विचारा. टपालखर्चही लागत नाही, आणि त्या एका उत्तरावर दोन वर्षे अवलंबून असतात.

ती मुदत संपण्याच्या आत एच-वन-बी व्हिसा मिळवायचा असतो. वर्षाला ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकेतून मास्टर्स वा त्यापुढची पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार. मागणी जास्त, म्हणून सोडत. २०२५ च्या मार्चमधल्या सोडतीत सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या होत्या आणि निवडल्या गेल्या सुमारे १ लाख २० हजार. आपले गणिताचे सर समोर बसले आहेत, म्हणून हे उदाहरण त्यांच्या पद्धतीने सोडवतो. एका वर्षी निवड होण्याची शक्यता शंभरात पस्तीस धरली, तर न होण्याची पासष्ट. तीन वर्षे ओळीने न होण्याची शक्यता पासष्ट शतांशचा घन, म्हणजे सुमारे सत्तावीस टक्के. तीन वर्षांची परवानगी असलेल्या, नोकरी टिकवलेल्या, काहीही न चुकलेल्या शंभर मुलांपैकी सत्तावीस जणांना परतावे लागेल किंवा दुसरा देश शोधावा लागेल. ज्याला एकच वर्ष मिळते, त्याच्या बाबतीत हाच आकडा पासष्ट. यात मुलाच्या हुशारीचा काहीही संबंध नाही.

नियमही एका जागी उभे राहत नाहीत. या सप्टेंबरात अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, आपले नव्वद लाखांच्या आसपास. तिथेच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्याला ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला. पण परत येऊन इथून पुन्हा जाऊ म्हणणाऱ्याला ते दार जवळजवळ बंद झाले. आणि कायमच्या वास्तव्याचे, म्हणजे ग्रीन कार्डचे, म्हणाल तर कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. नोकरीच्या मुख्य गटांत भारतीयांचे २०१३ सालचे अर्ज २०२५ च्या अखेरीस कुठे पुढे सरकत होते.

मग दुसरे देश? तिथेही पास आहे, फक्त मुदत वेगळी. ब्रिटनने पदवीनंतरच्या कामाची सोय २०१२ मध्ये बंद केली होती, २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सध्या दोन वर्षे मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या मुलांना दीडच वर्ष मिळेल. म्हणजे येत्या सप्टेंबरात एका वर्षाच्या मास्टर्सला जाणारी तुमची मुलगी दीड वर्षाच्या हिशेबात बसते, दोनच्या नाही. पुढे नोकरीच्या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड हवा, नवख्यांना ३३,४००.

कॅनडा जास्तीत जास्त तीन वर्षांची परवानगी देतो, आणि ती आयुष्यात एकदाच मिळते. पहिल्याच स्वस्त, छोट्या कोर्सवर ती खर्च झाली तर नंतर मोठी पदवी घेऊनही उपयोग नाही. नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेचा निकाल लागतो, आणि पदवी नसलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांना ठरावीक विषयांचे बंधन आले आहे. २०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक मुलांची प्रवेशपत्रेच बनावट निघाली. दलालाने दिलेला कागद त्यांनी खरा मानला होता. प्रवेशपत्र कॉलेजकडे स्वतः ईमेल करून पडताळा, दलाल कितीही ओळखीचा असो.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो मात्र आधी बंद खात्यात ठेवावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. तिथे खरी फी भाषेची आहे. जर्मन येत नसेल तर ते १८ महिने भरभर संपतात. आणि आपल्या द्राक्षे-डाळिंबवाल्यांच्या मुलांसाठी सांगतो, नेदरलँड्समध्ये वाखेनिंगन हे शेतीचे मोठे विद्यापीठ आहे. त्या देशात पदवीनंतर एक वर्षाचा नोकरी शोधण्याचा परवाना मिळतो आणि तो पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतो. म्हणजे घरी येऊन, बागेत एक हंगाम काढून, मग परत जाता येते.

आता वहीचे दुसरे पान. समजा कर्ज ४५ लाख, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षे. शिकतानाचे व्याज बाजूला ठेवले तरी महिन्याचा हप्ता सुमारे ६० हजार ७०० येतो. कर्ज दहा वर्षांचे आणि पास एक ते तीन वर्षांचा. डॉलरमध्ये पगार असला तर हा हप्ता सहज निघतो. तोच मुलगा पुण्यात पन्नास हजारांवर लागला तर निघत नाही. तेव्हा कुणाचा तरी प्लॉट, कुणाचे तरी घर, कुणाच्या तरी लग्नाचे पैसे मध्ये येतात. उजनीच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्या घरांतली मुले आपल्या वर्गात होती. हातातून गेलेली जागा परत येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. मूल परत आले तरी फिटेल एवढेच कर्ज काढा. पगार इथला धरून हप्ता मांडा. तो बसत नसेल तर फी कमी असलेला देश बघा, शिष्यवृत्ती बघा, दोन वर्षे इथे नोकरी करून पैसे साठवून पाठवा. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, सारथीची आहे. त्यांच्या जाहिराती वेळेवर पाहणारे पालक आपल्याकडे थोडे आहेत.

आणि परतणाऱ्याला हरलेला म्हणू नका. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा जाऊन तो अभ्यास पुरा केला. मुदत संपली, अभ्यास संपला नव्हता. २००३ मध्ये हे मला कुणी सांगितले असते तर मी पहिले सहा महिने गावात तोंड लपवून फिरलो नसतो.

तात्यांनी शेवटी घर बांधले, २०१२ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी. वास्तुशांतीला मी प्लॉटचे बँकेतून सोडवलेले जुने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते न बघताच काकूंकडे दिले आणि मला म्हणाले, ‘जेवून जा.’

मुलांना जरूर पाठवा. जाताना त्यांच्या हातात वही द्या, आणि त्यात तो एक आकडा आधी लिहा. कुणाला कागद दाखवायचे असतील तर मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे, मागच्या बाकावर.