गुडघ्याची गादी आणि मूलपेशी
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, रुळांची देखभाल हे माझे काम. तरी आज गुडघ्यावर बोलायला उभा आहे, त्याला कारण माझी आई. मुनिरकातल्या आमच्या डीडीए फ्लॅटचे तीन मजले चढणे तिला अशक्य झाले. कुणीतरी एका दवाखान्याचे नाव सुचवले. तिथे एक्स-रे न बघताच सांगितले, "पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढू, गुडघ्यात सोडू, नवी कूर्चा तयार होईल. दीड लाख लागतील." मी वीस हजार आगाऊ भरले आणि मग वाचायला बसलो. खरे तर आधी वाचायला हवे होते.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती एकदा झिजली की आपोआप भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यविशारदाने हे १७४३ मध्येच लिहून ठेवले आहे. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी २३ रुग्णांवरचे काम प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच कूर्चेतल्या थोड्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि गुडघ्यातल्या खड्ड्यात भरायच्या. आपल्याकडे रिग्रो बायोसायन्सेसच्या अशाच उपचाराला २०१७ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली.

मूलपेशींचा मार्ग याच्या पुढचा. त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा अशा निरनिराळ्या पेशी तयार होऊ शकतात. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सने दात्यांच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून इंजेक्शन बनवले. १४६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर वेदना कमी आढळल्या आणि २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठीच. उलट अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे पावणेपाचशे रुग्णांच्या चाचणीत, तीन प्रकारची पेशींची इंजेक्शने वर्षभरानंतर साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे विज्ञान खोटे नाही, पण काम अजून अर्धेच झाले आहे.

आमच्या भाषेत सांगतो. रुळाच्या माथ्यावर एके ठिकाणी खड्डा पडला, तर तेवढाच वेल्डिंगने भरून घासून घेतात. पण सगळा रूळच झिजला, तर तो बदलावा लागतो. तरुण खेळाडूच्या कूर्चेतला खड्डा वेगळा आणि सत्तरीतल्या आईची झीज वेगळी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे कार्यालय इथून जवळच, अन्सारी नगरमध्ये आहे. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मान्यता नसलेले मूलपेशींचे उपचार फक्त रीतसर परवानगी घेतलेल्या चाचणीतच करावेत. म्हणून पैसे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, एक्स-रेवर झीज कितव्या श्रेणीची आहे? दोन, या औषधाला महानियंत्रकांची मान्यता आहे का, आणि नेमकी कोणत्या आजारासाठी? तीन, चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि मग पैसे कशाचे घेता?

मी हे प्रश्न विचारले तेव्हा त्या दवाखान्यात उत्तर मिळाले नाही. वीस हजारही परत मिळाले नाहीत. पुढे रेल्वेच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. झीज चौथ्या श्रेणीची होती. आईने सांधा बदलून घ्यायचे ठरवले. ती म्हणाली, "तुझ्या रुळासारखेच ना? मग बदल."

आज ती समोर बसली आहे. आरतीला मांडी घालता येत नाही, खुर्ची लागते. पण तीन मजले ती स्वतःच्या पायांनी उतरून आली आहे. माझे वीस हजार गेले. तुमचे जाऊ नयेत, एवढ्यासाठीच हे बोललो.

गणपती बाप्पा मोरया!