आपल्या तालुक्यातलं वटवाघूळ



आपल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत मोठ्या कानांचं एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं. १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याला वनाधिकारी रॉटन यांचं नाव दिलं. पुढे ऐंशीहून अधिक वर्षं जगाला त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. मग ते थेट कंबोडियात सापडलं, नंतर मेघालयातल्या गुहांतही.

‘मग आता आपल्या गुहेचं काय मोठंसं?’ असं कुणी म्हणालं, तर मी सांगतो, पत्ते वाढले, पण अजून मोजकेच आहेत. एक गुहा उजाड झाली तरी ते नुकसान भरून येणार नाही. म्हणून भीमगडच्या रानात मुलांना न्याल तेव्हा गुहेत शिरू नका. तिथे धूर, उजेड, आरडाओरडा नको. एवढं आपण सगळ्यांनी पाळूया.