जुन्या हायब्रीडची देखभाल

2003 साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये दोन बॅटऱ्या असतात. चाकं फिरवायला मदत करणारी मोठी, 201.6 व्होल्टची, आणि डिकीच्या कोपऱ्यात दडलेली साधी, 12 व्होल्टची. गाडी सुरू होईना, डॅशबोर्डवर भलतेसलते दिवे लागले, की मोठीच गेली म्हणून लोक धास्तावतात. आधी छोटी तपासा. गाडीतले संगणक जागे करण्याचं काम तिचं. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही उपयोग नाही.

मोठीचा खरा शत्रू उष्णता. तिला थंड ठेवणारा पंखा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढतो. त्या जाळीवर पिशवी, चादर काही ठेवू नका. कुत्रा-मांजर गाडीतून नेत असाल, तर पंख्याच्या पात्यांवर केस साचतात. तो अधूनमधून साफ करून घ्याच. एवढ्याशा कामाने महागड्या बॅटरीचं आयुष्य वाढतं.

इन्व्हर्टरच्या कूलंटच्या टाकीतही डोकावा. गाडी चालू असताना आतलं कूलंट हलताना दिसलं नाही, तर पंप बंद पडल्याची शंका घ्यावी.

नारिंगी आवरणाच्या केबलना मात्र हात लावू नका. तिथला विद्युतदाब जीवघेणा असतो. ते काम हायब्रीडचं प्रशिक्षण घेतलेल्या मेकॅनिकचंच.