आधी पाणी, मग मशीन



बाळंतपणाच्या तयारीत पूर्वी दुपटी, झबली, टोपडी, लंगोट यांची जमवाजमव होई. आता त्या यादीत धुण्याचं मशीनही असतं. बाळाला कापडी लंगोटच वापरायचे असं ठरवलेली तरुण जोडपी मला भेटतात आणि विचारतात, "मशीन कोणतं घ्यावं?" आज त्याबद्दलच बोलते.

त्यांचा हा निर्णय मला मनापासून आवडतो, आणि त्याचं पहिलं कारण माझ्यासाठी घराबाहेरचं आहे. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी लोकांना विनवलं होतं, की वापरलेले डायपर आणि पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते उघडावे लागणार नाहीत. कारण कचरा त्या हातानं निवडतात. 2016च्या घनकचरा नियमांनीही असा कचरा नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. तान्ह्या बाळाला दिवसाला आठ-दहा लंगोट सहज लागतात. तेवढी घाण दुसऱ्याच्या हातात न देणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पण मग ते लंगोट धुणार कोण? ओली बाळंतीण मोरीत पाटावर वाकून पिळे पिळते आहे, हे चित्र मला नको आहे. टाके असतात, पाठ दुखत असते, झोप झालेली नसते. आणि ते काम घरकामाच्या मावशींच्या अंगावर ढकलणं तर त्याहून नको. म्हणून मशीन हवं. त्याला मी चैन म्हणत नाही.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती किलोचं दाखवू?" लंगोटांसाठी हा प्रश्न पहिला नव्हेच. सुती लंगोट वजनाला हलके. दिवसभराचे गोळा केले तरी दोन किलो भरत नाहीत. पहिला प्रश्न असा, की तुमच्या घरी पाणी कसं येतं? किती वेळ येतं, किती जोरानं येतं आणि ते मऊ आहे की जड? मशीनची निवड इथून सुरू होते.

ज्यांच्याकडे नळाला तास-दोन तासच पाणी येतं, किंवा दोन-चार दिवसांआड येतं, त्यांच्यापासून सुरुवात करू. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. इतकी वेळ आली नाही तरी पिंपात पाणी भरून ठेवणारी घरं आपल्याकडे अगणित आहेत. अशा घरी मी नि:शंकपणे सेमी-ऑटोमॅटिक सुचवते. लोक त्याला जुनाट समजतात. पण लंगोटांच्या दृष्टीनं त्याचे गुण पाहा. बादलीनं पाणी ओता, हवं तेवढंच ओता. पाच मिनिटं फिरवून घाण पाणी सोडून द्या आणि पुन्हा भरा. शेवटच्या खळबळण्याचं स्वच्छ पाणी बादलीत धरून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला ते चालतं. कोणताही कार्यक्रम संपायची वाट पाहावी लागत नाही. गरम पाणीही वरून घालता येतं. फक्त टब प्लॅस्टिकचा असतो, तेव्हा पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा कडक पाणी नको. त्रास एकच. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलून टाकावे लागतात, म्हणजे कुणीतरी जवळ हवं. बाळाच्या बाबांनी ते पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडून घ्यावं.

फ्लॅटमध्ये दिवसभर टाकीचं पाणी असेल, तर फ्रंट लोडचा विचार जरूर करा. यात ड्रम आडवा फिरतो, कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात आणि त्या आपटण्यानं मळ सुटतो. पाणी कमी लागतं. साधारण 50-60 लिटरमध्ये धुणं होतं, तिथे टॉप लोड शंभराच्या पुढे जातं. आणि बहुतेक फ्रंट लोडमध्ये पाणी तापवणारा हीटर असतो. लंगोटांसाठी हा सगळ्यात मोठा फायदा. मात्र घेण्याआधी घरात दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे पाण्याचा दाब. अनेक मशीनना टाकीचं पाणी नळापासून निदान तीन मीटर उंचीवर असावं लागतं. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी लगेच डोक्यावर असेल, तर पाणी रेंगाळत येईल आणि मशीन अडून बसेल. दुसरी म्हणजे हीटरसाठी 16 अँपिअरचं सॉकेट. न्हाणीघरातल्या लहान सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर लावून ते चालवू नका.

टॉप लोडची बाजूही सांगते. उभ्या उभ्या कपडे टाकता-काढता येतात. सिझेरियन झालेल्या बाईला हे सुख मोठं आहे. मध्येच झाकण उघडून राहिलेला लंगोट आत टाकता येतो. पण स्वस्त टॉप लोडमध्ये हीटर नसतो. काहींना गरम पाण्यासाठी वेगळी जोडणी असते. छतावर सौर बंब असेल तर तिचा छान उपयोग होतो. अडचण अशी, की थोडे लंगोट भरपूर पाण्यात नुसते तरंगत राहतात. कापड कापडावर घासलं नाही तर मळ निघत नाही. म्हणून पाण्याची पातळी आपल्या हातानं ठरवता येईल असंच मॉडेल निवडा.

इथे मशीनच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. नवी मशीन कपड्यांचं वजन स्वतः मोजून पाणी घेतात. लंगोट कोरडे असताना हलके, पण पाणी पिण्यात पटाईत. त्यामुळे मशीन फसतं आणि कमी पाणी घेतं. आधीच्या धुण्यात ओले झालेले लंगोट असले, तर वजन जास्त भरतं आणि पाणीही पुरेसं येतं.

तर आधीचं धुणं. लंगोट धुण्याचं मर्म तेच आहे. पहिलं पाणी नेहमी गार. विष्ठेत प्रथिनं असतात आणि कडक पाण्यानं ती धाग्यात पक्की बसतात, डाग कायमचा राहतो. म्हणून दुकानात विचारा, नुसतं खळबळून पाणी सोडून देण्याचा वेगळा कार्यक्रम आहे का? साबण न घालता तेवढंच चालवता येतं का? आणि शेवटी जादा खळबळण्याचं बटण आहे का? ही बटणं असली की पुरे. मग रेशमासाठी, जीन्ससाठी असे वीस कार्यक्रम नसले तरी काही बिघडत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं, की घट्ट भाग आधी संडासात टाकून मगच लंगोट मशीनमध्ये घालायचा.

मुख्य धुणं गरम पाण्यात. नुसते सुती लंगोट असतील तर 60 अंश ठीक. पाणी अडवणारा थर असलेली लंगोटावरची नवी कव्हरं असतील तर त्यांचं लेबल वाचा. बऱ्याचदा मर्यादा 40 अंशांची असते, आणि इस्त्री तर मुळीच नाही. विजेची धास्ती घेऊ नका. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 0.6 युनिट लागतं. कपडे आणि ड्रम तापायला आणखी थोडी भर पडते, एवढंच.

आता जड पाणी. आपल्या गावोगावच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह मानतं, दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत चालवून घेतं. म्हणजे पिण्यालायक पाणीही धुण्याला जड असू शकतं. अशा पाण्यात साबण फेसाऐवजी साका धरतो आणि तो धाग्यात अडकतो. लंगोट करडे, कडक होतात, पाणी शोषेनासे होतात. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. अर्धवट धुतलेल्या लंगोटात ते टिकून राहतात आणि मग बाळ शू करताक्षणी डोळ्यांत झोंबणारा वास येतो. उपाय साधा आहे. पावडरबरोबर थोडा धुण्याचा सोडा, आणि खळबळणं एकदा जास्त. फ्रंट लोडला कमी फेसाचीच पावडर घ्या, नाहीतर फेसामुळे मशीन थांबतं. आणि कपडे मऊ, सुगंधी करणारं द्रव लंगोटांना अजिबात वापरू नका. ते धाग्यावर थर चढवतं आणि शोषणं कमी करतं.

मशीनशी थेट संबंध नसलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुपटी आणि लंगोट शिवायला आपण आजीच्या जुन्या मऊ लुगड्यांचं कापड काढतो. ती लुगडी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली असतील, तर ते कापड बाळाला वापरू नका. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेनं त्यांच्या पेशी फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. बाळाच्या कपाटात या गोळ्या नकोतच.

वाळवण्याचा प्रश्न पावसाळ्यात खरी कसोटी पाहतो. तिथे पिळण्याचा वेग कामाला येतो. पण मिनिटाला किती फेऱ्या एवढ्याच आकड्यावर जाऊ नका. ड्रमचा घेरही महत्त्वाचा. सेमी-ऑटोमॅटिकच्या अरुंद टबाच्या 1300 फेऱ्यांपेक्षा फ्रंट लोडच्या रुंद ड्रमच्या 1200 फेऱ्या जास्त पाणी काढतात. बाळाखालची रबरी शीट मात्र पिळायला घालू नका. तिच्यात पाणी साठून राहतं, तोल जातो आणि मशीन जागचं हलतं. ड्रायरची हौस टाळा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2008 साली हिशेब मांडला होता. बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत फेकून देण्याच्या डायपरमुळे सुमारे 550 किलो कार्बन वायू हवेत जातो, आणि सरासरी पद्धतीनं धुतलेल्या कापडी लंगोटांमुळे 570 किलो. म्हणजे कापड वापरलं म्हणून आपोआप फायदा होत नाही. पण मशीन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट धाकट्या भावंडाला वापरले, तर त्यात सुमारे 200 किलोंची घट होते. दोरी आणि ऊन आपल्याकडे वर्षातले आठ महिने फुकट आहे, आणि भावंडांचे कपडे वापरण्याची रीतही आपलीच आहे.

मशीन बसवायला माणूस येईल तेव्हा घरातल्या सगळ्यांनी, आजोबांनीसुद्धा, जवळ उभं राहून शिकून घ्यावं. पाणी सोडणाऱ्या पंपाची जाळी कुठे आहे ते विचारा. लंगोटांचे धागे आणि बंद तिथेच अडकतात. फ्रंट लोडच्या दाराचं रबर धुणं झाल्यावर पुसा आणि दार किलकिलं ठेवा, नाहीतर बुरशी धरते. बाळ रांगायला लागलं की मात्र मशीनच्या खोलीचं दार बंद ठेवायचं, चाइल्ड लॉक लावायचं आणि सेमी-ऑटोमॅटिकच्या टबात पाणी साठवून ठेवायचं नाही. सोडा आणि पावडरीचे डबेही वरच्या फळीवर न्या.